तीन पाकिटं

ट्विंकल उरकुडे पोस्टाच्या ओट्यावर बसून सांगत होती
नाव न सांगता बातमी कशी पाठवायची ते.
"असं समजा जी काका, एक चिठ्ठी.
तिच्यावर पाकीट, त्याच्यावर पाकीट, वरून आणखी एक.
वरचं तुमी फोडा. आत फक्त लिहून आहे, अड्याळ.
अड्याळवाला त्याचं फोडन, त्याले दिसन, लाखांदूर.
लाखांदूरवाला शेवटचं फोडून चिठ्ठी पोचवन.
तुमाले मी मालूम, चिठ्ठीत काय ते नाही.
त्याले चिठ्ठी मालूम, मी नाही.
मधल्याले यातलं कायीच नाही."

मग मधला सुखी, मी म्हटलं.
सव्वीस वर्षं थैली वाहिली, मधलं असणं मला ठाऊक आहे.
ती हसली, पण नजर घाटाकडे.
तिथे रात्री अकरानंतर वैनगंगा टिप्परात भरतात.

निनावी पत्रं माझ्या हातून पुष्कळ गेली.
नाव नसे, पण पाकीट भाताच्या शितानं चिकटवलेलं,
किंवा पिनकोडातला चार पाठमोरा.
एकाला तर कायम बिडीच्या पानाचा वास.
मी ओळखायचो, शिक्का मारायचो, गप्प बसायचो.
हे तिला सांगावं असं त्या दिवशी वाटलं,
तेवढ्यात कोणी मनीऑर्डर विचारत आलं आणि राहिलं.

मंगळवारी रात्री तिनं पाठवलं. टिप्परांचे नंबर, अकरा फोटो.
फोटोच्या पोटात जागेचा पत्ता लपलेला असतो म्हणे,
तोही तिनं तांदळातल्या खड्यासारखा वेचून काढला होता.
तिचं काही चुकलं नाही. हे मी कोणाहीपुढे सांगेन.

पण गावाला नेट येतं भोंगाडेच्या मेहुण्याच्या दुकानातून.
त्याला चिठ्ठी दिसली नाही. कुठे गेली तेही नाही.
एवढंच दिसलं, की अकरा दहाला
कोणीतरी तोंडाला ओढणी बांधून गल्लीत निघालं
आणि पावणेबाराला परत आलं.

दिवाळीनंतरच्या मंडईत तोंड बांधलेल्या शंभर पोरी असतात,
धुळीपायी, थंडीपायी, कोणाच्या नजरेपायी.
कोण कोणाची, आईलाही सांगता येत नाही.
पण तीनशे घरांच्या झोपलेल्या गावात
ओढणी एकच असली
की ओढणीच नाव होते.

शुक्रवारी टिप्पर तिच्या फाटकाला टेकून उभा.
इंजिन चालू. कोणी उतरलं नाही, बोललं नाही.

मग मी तिला शिताची गोष्ट सांगितली. उशिरा.
बराच वेळ ती ओट्याचा पोपडा खरवडत राहिली.
"म्हंजे गर्दी पायजे," म्हणाली.

आता रात्री अकराला बचत गटाच्या गिरजाबाई
भांडी उरकून ते कांद्याचं चित्र दाबतात.
धनपाल न्हावी दाबतो. शाळेतले दोन मास्तर,
एक आवडीनं, एक बायकोच्या धाकानं.
मीही. तीन पाकिटांत घालून विचारतो
गोंदियाला धानाचा भाव काय, उद्या ढग आहे का,
कधी काहीच नाही, नुसता फिरून येतो.
दूरचं कुठलंसं यंत्र, कोण विचारतंय ते न कळता
मला उत्तर देतं. त्याला माझी काही पडलेली नसते, बरं वाटतं.
सकाळी त्याच फोनवर आधार, अंगठा, ओटीपी,
तिथे मी शेंडीपासून नखापर्यंत माझ्याच नावाचा.

टिप्पर थांबले नाहीत.
भोंगाडेचा मेहुणा परवा दुकानात बोटं मोडत बसला होता,
काल एकवीस, आज एकोणीस,
दोन कोण गळाले ते त्याला शोधता येईना.
मला माहीत आहे. गिरजाबाईंचा डाटा संपला,
आणि धाकातल्या मास्तरांना झोप लागली.